भिंत कुठवर आली?

डाकारची शेवटची बस जिथे वळते
त्याच्याही पुढे, वाळूत,
माझा कारखाना आहे: एक लोखंडी साचा,
एक फावडं, पाण्याचं पिंप, आणि मी, बिरान.
साच्याला डाव्या कोपऱ्यात खोच पडलीय,
म्हणून माझ्या प्रत्येक ठोकळ्याला
एक दात जास्त.

सिमेंटच्या एका गोणीत पस्तीस काढतो, असं सांगतो.
काढतो बेचाळीस.
वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे.
तरी सगळे विचारतात, "पस्तीसच ना?"
आणि मी म्हणतो, "पस्तीस."

इथे कुणी पैसा घरात ठेवत नाही.
पैसा मागायला मेहुणा येतो,
ठोकळा मागायला कोण येणार?
म्हणून भिशी लागली की बायका सरळ माझ्याकडे.
पन्नास टाक, बिरान. सणानंतर आणखी तीस.
दारापुढे थप्पी वाढते,
घर आधी असं आडवं, ढिगाऱ्यात राहतं
दहा दहा वर्षं.

जेनाबा सारची थप्पी बाराशेची.
भाऊ इटलीत, कोंबड्या सोलायच्या कारखान्यात.
महिन्याच्या महिन्याला फोन: "भिंत कुठवर आली?"
"ठोकळे आलेत," ती म्हणायची, "भिंत मागून येतेय."
थप्पीवर शेळी झोपायची.
संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याखाली
पोरं त्यावर बसून नद्यांची नावं पाठ करायची.

मग त्या सप्टेंबरात पाणी आलं.
आमच्याकडे ते आभाळातून कमी येतं,
जमिनीतून जास्त;
चुलीतून, चटईखालून,
कुणी बोलावल्यासारखं.

पहिला ठोकळा उमी कांदेनं उचलला,
न विचारता, फ्रिजखाली.
मग कुणी पलंगाखाली. मग शाळेचे मास्तर आले:
"वाट करायचीय."
जेनाबा दारात उभी, गुडघाभर पाण्यात.
म्हणाली, "मोजून न्या."
कुणी मोजले नाहीत.
रात्रीपर्यंत गल्लीतून शाळेकडे,
शाळेपासून मशिदीकडे, मशिदीपासून दवाखान्याच्या पायरीकडे
एकेका पावलावर
माझे दात पाण्याबाहेर.
म्हाताऱ्या मालांगचा जनाजा त्यावरूनच गेला,
खांदेकरी ओळीनं,
डोंबाऱ्यासारखे तोल सावरत.

मी कडेला उभा राहून बघत होतो
कोणता खचतो.
तीन खचले.
कुठल्या गोणीतले, ते मला माहीत होतं.
तिसऱ्यावरून मास्तर पडले, वह्यांसकट.
"इथली वाळूच खारट," मी म्हणालो.
मास्तर वह्या वेचत राहिले.

नोव्हेंबरात पाणी ओसरलं.
सातशे ऐंशी परत आले, शेवाळलेले,
काहींवर खडूनं काढलेले बाण.
उरलेल्यांची चौकशी जेनाबानं केली नाही.
मी उधारी मागत घरोघर फिरतो, मला दिसतात:
शिवणयंत्राच्या लंगड्या पायाखाली एक.
न्हाव्याकडे दोन, त्यावर लहान पोरं बसवतो.
उमीचा फ्रिज केव्हाच बंद पडला,
तरी तो अजून उंचावर उभा आहे.

परवा घमेलं परत आणायला गेलो,
तेव्हा फोन वाजला. स्पीकरवर भाऊ:
"भिंत कुठवर आली?"
तिनं गल्लीकडे पाहिलं.
"दवाखान्यापर्यंत."
"एवढी लांब?"
"लांब आहे," ती म्हणाली. "उंच नाही."

फोन ठेवून माझ्याकडे वळली.
"पुढच्या गोणीत किती काढशील?"
पस्तीस जिभेवर आलं होतं.
"बेचाळीस," मी म्हणालो.
ती हसली नाही, रागावलीही नाही.
शेळीला थप्पीवरून खाली उतरवलं,
आणि शेजारची जागा
झाडून घेतली.